भुताला न सापडलेला

...म्हणजे आता या वयात मी हरायला शिकायचं का? केस पिकले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, थोरलीचं लग्न झालं, आणि तुम्हाला सांगतो, परवाच्या शनिवारी दुपार होईपर्यंत मी आईच्या तळघरात एका स्टुलावर बसून हरायचा प्रयत्न करत होतो... हरायचा! आणि जमेना. लोक जिंकता येत नाही म्हणून रडतात, मला हरता येईना म्हणून घाम फुटलेला. वरून स्वयंपाकघरातून आमच्या मातोश्री हाक मारतायत, "रॉडनी, मेलास का रे?" म्हटलं, नाही गं आई. "अजून नाही?" अजून नाही. "मग वर येऊन कॉफी घे, नि मग मर."

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल कांगासांचा रॉडनी शेवटी कामातून गेला. मी कॉम्प्युटरच्या खेळात मरायचा प्रयत्न करत होतो. लहानपणीच्या. आमच्या पप्पांनी केलेल्या.

आमचे पप्पा, आर्विड कांगास. खाणीत पाळीचे कॅप्टन होते, म्हणजे जमिनीखाली त्यांच्या हाताखाली माणसं होती, पण त्या माणसांशी तरी ते बोलायचे की नुसते दिव्यानं खुणावायचे, देव जाणे. आता तुम्ही म्हणाल, आपल्या या इश्पेमिंग गावात बोलतं कोण? खरंय. आपले आजे-पणजे फिनलंडहून येताना कॉफीचं भांडं घेऊन आले आणि गप्पा तिकडेच ठेवून आले. दोन माणसं रस्त्यात भेटली की एक म्हणणार "बर्फ", दुसरा म्हणणार "हो", आणि घरी जाऊन दोघंही बायकोला सांगणार की आज फार बोलणं झालं. पण पप्पा "बर्फ"सुद्धा म्हणायचे नाहीत हो. ते खिडकीकडे बघायचे. आपण समजायचं, बर्फ.

आणि अशा माणसाच्या पोटी मी! मी शाळेची बस चालवतो तर पोरं मागून ओरडतात, "अंकल, जरा गप्प बसा." आई अजून विचारते, हा कुणावर गेलाय? मी म्हणतो, आई, घरात तीन माणसं गप्प, चौथ्यानं बोलायलाच हवं ना, नाहीतर शेजाऱ्यांना वाटेल घर रिकामं आहे. लहानपणी मी जेवताना सुरू झालो की पप्पा मीठ पुढे सरकवायचे. आता याचा अर्थ "मीठ घे" की "तोंड बंद कर"? मला अजून कळलेलं नाही. मी मीठ घ्यायचो आणि बोलत राहायचो.

तर खाण बंद पडली. ते तुम्हाला माहीतच आहे, कुणाच्या घरात ते झालं नाही? पप्पा शाळेच्या बॉयलरवर, वर्ग गरम ठेवायच्या कामाला लागले. त्याच वर्षी हरणांच्या शिकारीच्या मोसमात त्यांना एक तगडं हरीण मिळालं, आणि खाणीतला एक जोडीदार गाव सोडून टेक्सासला चालला होता, त्यानं अर्ध्या हरणाच्या बदल्यात पप्पांना आपला कॉम्प्युटर दिला. म्हणजे आमचा पहिला कॉम्प्युटर मांस देऊन आलेला आहे! तळघरात सौनाच्या, म्हणजे आपल्या वाफेच्या न्हाणीच्या, बाहेर कपडे बदलायची जागा असते ना, तिथे जुन्या टीव्हीला तो जोडला. सौना तापला की टीव्हीच्या काचेवर वाफ धरायची आणि आम्ही टॉवेल गुंडाळून, केसातून पाणी टपकतंय, अशा अवस्थेत बेडूक रस्त्यापार न्यायचो. बेडकाचा तो, विटा फोडायचा तो, आकाशातून किडे खाली यायचे तो... अहाहा. काय दिवस होते! आत्ताचे खेळ बघा, पोरांच्या त्या खेळात माणसाच्या नाकातले केस दिसतात. आमच्या वेळी माणूस म्हणजे एक ठिपका. पण त्या ठिपक्यासाठी जीव तीळ तीळ तुटायचा हो.

तेव्हा मासिकांत खेळ छापून यायचे. छापून! पानंच्या पानं आकडे आणि खुणा, ते घरी बसून टाइप करायचं, एक चूक झाली की खेळ बंद. पप्पांची बोटं अशी जाड, एका बोटाखाली दोन कळा दबायच्या. मी वाचायचो, ते टाइप करायचे. "स्वल्पविराम, पप्पा." "हं." "कंस पूर्ण, पप्पा." "हं." अख्खा हिवाळा आमचं बापलेकाचं हेच बोलणं, आणि खरं सांगतो, त्याच्याआधी नाही की त्याच्यानंतर नाही, आम्ही इतकं कधी बोललो नाही.

मासिकात तो राजवाड्याचा खेळ होता. पप्पांनी राजवाडा काढला, खाण घातली. राजकन्या काढली, लोखंडाचे गोळे घातले. भूत मात्र ठेवलं, फक्त त्याच्या डोक्यावर दिवा चढवला. एक चौकोन आणि वर एक लुकलुकता ठिपका, झालं भूत. पण ते चालायला लागलं, आणि मी नि माझी बहीण कार्लीन एकमेकांकडे बघायला लागलो. प्रत्येक कोपऱ्यावर ते क्षणभर थांबायचं. मग वळायचं. कोण चालतं असं? आई जिन्यातून डोकावली, तिनं बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, हे तर तुमचे पप्पा." पप्पांनी भिंतीकडे बघितलं. जिवंतपणी स्वतःचं भूत करून ठेवणारा माणूस मी तेवढा एकच बघितला.

खेळ ठेवला होता अकॉर्डियनच्या जुन्या कॅसेटवर. टेपरेकॉर्डर लावला की आधी थोडा अकॉर्डियन, लग्नात नाचतात तसला, आणि मग एकदम किंचाळी... क्रीईईई... ती चालायची किती वेळ! तेवढ्या वेळात घरात कुणी चालायचं नाही. जमिनीला हादरा बसला की खेळ चढत नाही, असं पप्पांचं मत. म्हणजे ते छताकडे बघायचे, त्यावरून आम्ही काढलेलं मत. मग आई ओट्याशी पेस्टीचं, म्हणजे मांस-बटाट्याच्या त्या मोठ्या करंजीचं, लाटणं हातात धरून तशीच उभी, कार्लीन जिन्यात एक पाय वर धरून उभी, आणि तळघरात ती किंचाळी. शेजारची कुत्री रडायची. आणि मग पडद्यावर हळूहळू खाण उतरायची.

खेळ असा, की वरच्या मजल्यावर गोळे गोळा करायचे, शिडीनं खालच्या मजल्यावर, तिथून अजून खाली, आणि भूत मागे. मजला जेवढा खाली तेवढं भूत जोरात. अगदी तळाला पिंजरा, म्हणजे खाणीतली लिफ्ट हो, त्यात शिरलात की सुटलात, वर आल्यावर टिरिरी टिरिरी वाजायचं. आणि भुतानं धरलं तर पडदा काळा, मधोमध एक ओळ, खेळ खलास. मासिकात ती ओळ होती, "तू मेलास." पप्पांनी ती बदलून काय टाकली होती ते मला माहीत नव्हतं. कसं असणार? मी सापडलोच नाही ना! एकदाही नाही. तुम्हाला सांगतो, त्या चौकोनाला मी असा खेळवायचो, असा झुलवायचो, कोपऱ्यावर तो थांबला की मी दुसऱ्या बोळातून खाली. गल्लीतली पोरं बघायला यायची, टॉवेल गुंडाळून. "रॉडनी भुताला सापडत नाही," शाळेत नाव होतं माझं. पप्पा मागे खुर्चीवर बसून बघायचे. मी मागे वळून विचारायचो, "बघितलंत, पप्पा?" ते मान हलवायचे. आणि आमची कार्लीन! वरच्याच दोन-तीन मजल्यांवर, पहिल्याच बोळात, बसल्या जागी मरायची. पाच वर्षांनी लहान, पण तसं काही नाही, उपजतच मठ्ठ होती त्या बाबतीत. मरायची, पडद्याकडे बघायची, कधी हसायची, कधी गप्पच उठून जायची. तिच्या डावाला मी सौनात असायचो, दारातून तिचं तोंड तेवढं दिसायचं, पडदा नाही. मला वाटायचं, बिचारी, हरली.

बिचारी!

या मार्चमध्ये पप्पा गेले. गेले तेही न बोलता, दुपारी खुर्चीवर बसल्या बसल्या, खिडकीकडे तोंड करून. बर्फ पडत होता. चर्चच्या तळघरात नंतर सगळे जमले, कॉफी, वेलदोड्याचा पाव, हॅमची सँडविचं, आपलं नेहमीचं. पास्टर म्हणाले, घरातल्यांपैकी कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, बोलका मीच ना. मी घसा खाकरतोय तोवर उठली कोण, तर कार्लीन. जी फोनवर "हं" म्हणून फोन ठेवते ती कार्लीन! आणि म्हणते, "पप्पा मला म्हणाले होते, गाताना पायांकडे बघू नकोस. मागच्या भिंतीकडे बघ. तिथे मी उभा असतो." बसली. संपलं भाषण. अख्खं तळघर रुमालात. माझ्या घशात पावाचा तुकडा अडकला. दुःखानं नाही, सांगतो ना... मत्सरानं! म्हटलं, म्हणाले होते? पप्पा? एवढं लांब वाक्य?

बाहेर गाड्या लावतात तिथे मी तिला गाठलं. "कार्लीन, कधी म्हणाले गं पप्पा असं? कुठे म्हणाले? मी एकाच घरात राहत होतो, माझ्या कानावर कसं नाही आलं? मी काय मेलो होतो?"

ती गाडीवरचा बर्फ झाडत होती. म्हणते, "तू नाही मेलास, रॉडी. मी मेले. खेळात."

"म्हणजे?"

"भुतानं धरलं की ओळ यायची ना. ते पप्पा असायचे. दर आठवड्याला नवीन असायची, मजल्यामजल्याची वेगळी."

 ती सांगत गेली, बर्फ झाडत झाडत. शाळेच्या कार्यक्रमात ती गायली तेव्हा पप्पा बॉयलरवरून उठून, मळक्या कपड्यात, मागे भिंतीला टेकून उभे राहिले होते, घरी येऊन एक शब्द नाही, पण शनिवारी सौनानंतर ही खेळायला बसली, मेली, आणि ती ओळ आली. गणितात नापास झाली तेव्हा ओळ आली, "आईला मी सांगतो. तू जेव." दाढ काढायची होती तेव्हा, "मलाही भीती वाटते डेंटिस्टची." आणि ती मोठी झाल्यावर, "हेक्किनेनच्या पोराला सांग, सोडायचं तर दारापर्यंत सोड, कोपऱ्यापर्यंत नको." अहो, हेक्किनेनचं पोर! ते प्रकरण मला आत्ता या पार्किंगमध्ये कळतंय!

"मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुलाही येत असतील. तुझ्या तुझ्या."

मला कुठल्या येणार? मी सापडलो का कधी? एकदाही नाही. माझा बाप माझ्यामागे बोळाबोळातून दिवा घेऊन पळत होता काहीतरी सांगायला, आणि मी, जगातला सगळ्यात हुशार मुलगा, त्याला चुकवत होतो. आणि मागे वळून त्यालाच विचारत होतो, बघितलंत?

मग कार्लीननं तो प्रश्न विचारला. विचारायला नको होता. म्हणते, "मी तर वरच्या दोन-तीन मजल्यांवरच मरायचे. तळाच्या मजल्यावर पप्पा काय म्हणायचे रे?" म्हटलं, मला काय माहीत, मी तिथून पिंजऱ्यात शिरून वर यायचो. ती म्हणाली, "मग ती ओळ अजून तिथेच आहे." गाडीत बसली आणि गेली तिच्या गावी, ग्रीन बेला.

ती गेली, पण ते वाक्य गेलं नाही ना! तिथेच आहे. अजून. तुम्हाला सांगतो, तेव्हापासून माझी अवस्था अशी, की किराण्याच्या दुकानात जातो, दोन फळ्यांमधल्या बोळात उभा राहतो, हातात बिस्किटांचा पुडा, आणि मागे कोपऱ्यावर कुणीतरी थांबल्यासारखं वाटतं. थांबलं. आता वळेल. मी मागे बघतो का? छे, मी पळतो! सवयीनं! सामानाची गाडी ढकलत सरळ पैसे भरायच्या रांगेत. बस चालवताना आरशात एक दिवा दिसतो, लांब, लुकलुकणारा, असेल कुणाची तरी मोटरसायकल, पण माझा पाय आपोआप दाबला जातो आणि मागून पोरं ओरडतात, "अंकल, हळू." आईकडे गेलो की पप्पांची ती खुर्ची. बसायची हिंमत होत नाही, आणि उभा राहिलो की पाठीमागे कुणीतरी श्वास घेतंय. भीती भुताची नव्हती हो. भूत घरचंच होतं. त्याला आपल्याला काहीतरी सांगायचं होतं आणि आपण ऐकायला थांबलो नाही, त्याची भीती. ती फार वाईट. तिच्यावर कंदील लावून उपयोग नाही.

आणि अशात आईनं घर आवरायला काढलं. ती आता कार्लीनकडे राहायला जातेय, जिना चढवत नाही तिला. चर्चच्या बायका चांगल्या वस्तू विक्रीला घेऊन गेल्या, उरलेलं भंगार शनिवारी हेक्किनेन ट्रकमधून नेणार. हो, तोच हेक्किनेन, आता त्याचं टक्कल पडलंय. मी शनिवारी सकाळी बघतो तर भंगाराच्या ढिगात वर कॉम्प्युटर, टेपरेकॉर्डर आणि अकॉर्डियनची कॅसेट. म्हटलं, आई! हे कुठे चाललंय? "कुणी घेत नाही ते." म्हटलं, पप्पा आहेत त्यात!  मग मी तिला सगळं सांगितलं, ओळी, कार्लीन, तळाचा मजला. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "हेक्किनेन जेवणानंतर येतोय. तोवर काय करायचं ते कर."

लावला. जुना टीव्ही उचलताना गुडघ्यानं शिवी दिली. कॅसेट घातली, अकॉर्डियन वाजला, किंचाळी सुरू झाली... आणि वर धप धप धप, आई चालली. खेळ फिसकटला. "आई, चालू नकोस!" पुन्हा. अकॉर्डियन, किंचाळी, निम्म्यावर आलं, आणि धप. "आई!" "अरे, पेस्टी करपतायत!" "करपू दे!" ही आमच्या घरात उच्चारली गेलेली सगळ्यात भयंकर गोष्ट असेल. तिसऱ्यांदा वर काही आवाज नाही. मला माहीत होतं, ती ओट्याशी उभी असणार, श्वास धरून. आणि खाण उतरली. तीच. हिरवी. बोळ, शिड्या, गोळे. आणि वरच्या कोपऱ्यात तो चौकोन, दिवा लुकलुकतोय. मी म्हटलं, "पप्पा." मोठ्यानं म्हटलं. कुणी बघत नव्हतं, मी का लाजू?

आता तुमच्यातला एखादा शहाणा म्हणेल, रॉडनी, खेळायचं कशाला, आतलं सगळं लिखाण पडद्यावर मागवता येतं, वाचून काढ. मी नाही का केला प्रयत्न? लहानपणीच केलाय! पप्पांनी ते कुलूप घालून ठेवलंय. तसली कळ दाबली की मशीन सगळं विसरतं आणि पुन्हा अकॉर्डियनपासून. पोरांनी लबाडी करू नये म्हणून. बोलायचं नाही, पण कुलूप घालायचं!

तेव्हा खेळायला लागलो. पहिला मजला, दुसरा, तिसरा... आणि काय सांगू, हात चालायला लागले हो! ते मला विचारेनात. चष्म्यातून मला नीट दिसतही नव्हतं, पण बोटांना सगळं ठाऊक, इथे डावीकडे, इथे थांब, तो कोपऱ्यावर थांबला, आता सूट! भराभर तळाला आलो. आता फक्त उभं राहायचं. एवढंच. काहीही करायचं नाही. भूत आलं, बोळात शिरलं, जवळ आलं... आणि बोटांनी मला उचलून पिंजऱ्यात टाकलं! टिरिरी टिरिरी! जिंकलो! मी इतक्या मोठ्यानं शिवी दिली की आईनं विचारलं, लागलं का? पुन्हा खेळलो. टिरिरी. पुन्हा. टिरिरी. मी डोळे मिटून बघितलं, तरी टिरिरी! आवाज ऐकून पळतात बोटं, आंधळी आहेत का ती? सापडलो? एकदाही नाही. जन्मभर मिरवलं ना, घे आता.

कार्लीनला फोन लावला. "कसं हरायचं गं?"

"काही करायचं नाही."

"काही न करणं मला कसं जमणार?"

"हो," ती म्हणाली, "तेही खरंच." आणि नंतर हळूच म्हणाली, "रॉडी, प्लीज. हर ना." फोन ठेवला. पडदा थोडा पुसट दिसत होता, पण ती टीव्हीची चूक नव्हती.

तोवर बाहेर हेक्किनेन ट्रक घेऊन आलेला. हॉर्न वाजवला का? आपल्याकडे कुणी वाजवतं? तो इंजिन बंद करून ट्रकमध्ये बसला. आईनं खिडकीतून बघितलं, त्यानं आईकडे बघितलं, झालं, निरोप पोचला. तो तिथे बसलाय हे मला तळघरात अंगावर जाणवत होतं. आता शेवटचं. शेवटचं एकदा तळाला गेलो. भूत वरच्या बोळात होतं, यायला वेळ होता. मी कळांवरून हात उचलले, दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसलो. तुम्हाला सांगतो, या देहाखाली ती बोटं अशी वळवळत होती! पळ म्हणत होती. मी म्हटलं, नाही. आज नाही. ये बाबा. काय बोलायचं ते बोल. शिवी दे, मीठ सरकव, काहीही कर. एक ओळ. अर्धी चालेल.

भूत पहिल्या कोपऱ्यावर थांबलं. वळलं. दुसऱ्या कोपऱ्यावर थांबलं. वळलं. सरळ बोळ, समोर मी, शेजारी पिंजरा.  आलं... आलं... पडद्यावर माझ्या शेजारच्या घरात आलं... आणि उभं राहिलं. धरलं नाही. पडदा काळा झाला नाही. ओळ नाही, काही नाही. नुसतं माझ्या शेजारी उभं, डोक्यावरचा दिवा लुकलुकतोय. मी म्हटलं, बिघडलं! आता कुठे बिघडायचं होतं का मशीनला? मी बसलोय हातांवर, ते उभं. किती वेळ, मला नाही सांगता यायचं. आणि मग ते हललं. माझ्याकडे नाही. पिंजऱ्यात शिरलं. शिरलं आणि तिथे थांबलं, एका कडेला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपले वडील-काका खाणीत गेलेले, तुम्हाला सांगायला नको. पाळी सुटली की कॅप्टन शेवटी वर येतो. खाली एक माणूस असेपर्यंत त्यानं यायचं नाही. शेवटच्या माणसाला घेऊन यायचं. आणि पिंजऱ्यात बोलायचं नाही. खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, अंधारात, वर येईपर्यंत कुणी बोलत नाही. हे त्यांनी त्यात घालून ठेवलं होतं. थांबलास तर मी येतो. एवढीच अट. आणि मी दर खेपेला एकटा वर आलो, टिरिरी वाजवत, आणि त्यांना खाली ठेवून आलो.

मांडीखालून एक हात काढला. एकच घर सरकायचं होतं, सरकलो. दोघं पिंजऱ्यात. पिंजरा निघाला. टिरिरी नाही वाजली. मजल्यामागून मजला खाली जात होता आणि दोन चौकोन शेजारी शेजारी वर येत होते, एकावर दिवा. मला आयुष्यात पहिल्यांदा काही बोलावंसं वाटलं नाही. मी हमसून हमसून रडत होतो, पण गप्प. पिंजरा वर पोचला, पडदा तसाच राहिला, आम्ही दोघं उभे, आणि मग कधीतरी मशीन गरम होऊन आपोआप बंद पडलं.

मागे वळून बघतो तर आई जिन्यात. पिठाचे हात तसेच. चढवत नाही, उतरवत नाही तिला, तरी कधी निम्म्यापर्यंत उतरून आली, पत्ता नाही. आवाज न करता. माझ्याकडे बघितलं, काळ्या पडद्याकडे बघितलं.

"काय म्हणाले?"

म्हटलं, "काही नाही म्हणाले गं."

आईनं मान हलवली. म्हणाली, "मग तेच असणार."